औषध पोचले का? : सुवर्णकण, उष्णता आणि प्रतिमा



औषध देणे आणि औषध पोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पोटात घेतलेली गोळी विरघळते, रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर सर्वांगातून फिरते. शिरेतून दिलेले औषध तर मिनिटभरातच डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत जाऊन येते. पुष्कळ साध्या विकारांत हे चालून जाते, कारण औषध नको तेथे गेले तरी बहुधा फारसे बिघडत नाही. कर्करोगात तसे नाही. कर्करोगाच्या पेशी म्हणजे बाहेरून आलेले जंतू नव्हेत. त्या रोग्याच्या स्वतःच्याच शरीरातील, पण मर्यादा सोडून वाढत सुटलेल्या पेशी असतात. त्यांना मारणारे विष निरोगी पेशींनाही सोडत नाही. म्हणून या रोगाच्या चिकित्सेत किती औषध दिले या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न किती औषध गाठीत पोचले आणि तेथे मोकळे झाले, हा आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. सोन्याचे अतिसूक्ष्म कण, उष्णता आणि शरीराच्या आतील प्रतिमा घेण्याच्या नव्या रीती यांच्या साहाय्याने त्याचे उत्तर शोधण्याचे प्रयत्न जगात चालू आहेत. आणि त्यांत बंगळूरचा व मुंबईचाही वाटा आहे.

प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हे कळण्यासाठी एकाच औषधाचे उदाहरण पुरे होईल. डॉक्सोरुबिसिन हे औषध ज्यांनी रुग्णालयात पाहिले आहे त्यांना त्याचा तांबडा रंग विसरता येत नाही. इटलीच्या दक्षिण भागातील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजंतूपासून या कुळातील पहिले औषध मिळाले. पुढे १९६० नंतरच्या दशकात त्याच जंतूच्या एका बदललेल्या वाणापासून डॉक्सोरुबिसिन हाती आले. त्या प्रदेशाला लागून असलेल्या ॲड्रिॲटिक समुद्रावरून त्याला ॲड्रियामायसिन असेही नाव पडले. स्तनाचा कर्करोग, लसिका ग्रंथींचा कर्करोग, हाडांचे व स्नायूंचे कर्करोग अशा अनेक रोगांत ते आजही वापरले जाते. परंतु हे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करते आणि ही इजा मात्रेगणिक साठत जाते. त्यामुळे एका रोग्याला आयुष्यभरात ते एकूण किती द्यावयाचे याला मर्यादा घालावी लागते. औषध गुणकारी आहे, गाठ अजून शिल्लक आहे, आणि तरीही डॉक्टरांना हात आवरता घ्यावा लागतो, असा प्रसंग त्यामुळे उद्भवतो. दिलेल्या औषधाचा मोठा भाग गाठीत जाऊन तेथेच मोकळा झाला असता, तर हा प्रसंग टळला असता.

उष्णतेचा विचार चिकित्सकांच्या मनात फार पूर्वीपासून आहे. १८६६ साली जर्मनीतील बॉन येथील शल्यचिकित्सक बुश यांनी एका रोग्याची हकीकत नोंदवली. त्वचेच्या तीव्र संसर्गाने त्याला मोठा ज्वर आला आणि त्यानंतर चेहऱ्यावरील गाठ मावळली. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९१ पासून हाच धागा धरून रोग्यांना जंतू व पुढे जंतूंची विषे टोचून मुद्दाम ज्वर आणला. या प्रयोगांच्या यशात ज्वरापेक्षा शरीराच्या प्रतिकारशक्तीचा भाग अधिक होता, असे आज मानले जाते. तथापि उष्णतेचा स्वतंत्र परिणामही खरा आहे. गाठ ४२ ते ४३ अंश सेल्सियसपर्यंत तासभर तापवली तर तिच्या पेशी किरणोपचाराला व औषधांना अधिक सहज बळी पडतात. गाठीतील रक्तवाहिन्यांच्या भिंती अधिक सच्छिद्र होतात आणि औषध आत शिरण्यास वाट मिळते. तापमान ५० अंशांच्या पुढे गेले तर पेशी काही मिनिटांतच मरतात.

अडचण तापवण्याची नाही, नेमके तेवढेच तापवण्याची आहे. बाहेरून शेक दिला तर त्वचा भाजते आणि खोलवरची गाठ थंडच राहते. गाठीतून वाहणारे रक्त उष्णता वाहून नेते, त्यामुळे मोठ्या रक्तवाहिनीजवळचा भाग तापत नाही व तेथूनच रोग पुन्हा डोके वर काढतो. म्हणून शास्त्रज्ञांना अशी वस्तू हवी होती, की जी गाठीत आधीच जाऊन बसेल आणि शरीराला न दुखवणारा प्रकाश पडताच स्वतः तापेल. सोन्याने ही गरज भागवली.

दागिन्याचे सोने पिवळे असते, हे सर्वांना ठाऊक आहे. सोन्याचे कण फार लहान केले की त्यांचा रंग माणकासारखा लाल होतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. मायकेल फॅरडे यांनी लंडनमध्ये सोन्याचे असे कण पाण्यात तरंगत ठेवून त्यांचा अभ्यास केला आणि १८५७ साली त्यावर निबंध वाचला. सोन्याच्या कणांच्या आकारामुळे प्रकाशाशी त्यांचे नाते बदलते, हे त्यांनी ओळखले होते. त्याचे कारण पुढे स्पष्ट झाले. धातूमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे असतात. कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान असला, म्हणजे प्रकाशाच्या लाटेबरोबर त्यातील सगळे इलेक्ट्रॉन एकजुटीने पुढेमागे झोके घेऊ लागतात. झोपाळ्याला योग्य वेळी रेटा दिला की तो उंच जातो. तसे विशिष्ट रंगाच्या प्रकाशालाच हे झोके मोठे होतात. तो प्रकाश कण शोषून घेतो आणि त्याची उष्णता होते.

येथे लांबीच्या मापाचा थोडा खुलासा केला पाहिजे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. रक्तातील तांबडी पेशी सुमारे सात ते आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. या व्याख्यानातील सुवर्णकण आठ ते दीडशे नॅनोमीटर मापाचे आहेत. म्हणजे त्यांतील सर्वांत लहान कण एका ओळीत मांडले, तर एका तांबड्या पेशीच्या रुंदीत हजाराच्या आसपास मावतील.

कणाचा आकार बदलला की तो कोणता प्रकाश शोषील हेही बदलते, आणि या गोष्टीचा चिकित्सेत मोठा उपयोग आहे. अंधारात विजेरी लावून तिच्यावर तळवा ठेवला तर बोटांच्या कडा तांबड्या दिसतात. हिरवा व निळा प्रकाश रक्त शोषून घेते, तांबडा त्यातून पार होतो. तांबड्याच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आहे. त्यातील सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा पट्टा रक्त आणि पाणी या दोघांतूनही बऱ्यापैकी पुढे जातो. साधा गोल सुवर्णकण हिरवा प्रकाश शोषतो, त्यामुळे शरीरात तो निरुपयोगी ठरतो. परंतु कणाला काडीचा आकार दिला, किंवा काचेसारख्या गाभ्यावर सोन्याचे पातळ कवच चढवले, म्हणजे तो नेमका हा अवरक्त प्रकाश शोषू लागतो. अमेरिकेतील राइस विद्यापीठात नेओमी हॅलस व जेनिफर वेस्ट यांच्या गटाने असे कवचधारी कण उंदरांच्या गाठीत सोडून, त्यांवर अवरक्त लेसर प्रकाश टाकून गाठी जाळल्याचे २००३ साली प्रसिद्ध केले. त्याच वेळी एम.आर.आय. यंत्राने गाठीचे तापमान बाहेरून मोजले होते. तापवणे आणि पाहणे ही दोन कामे हातात हात घालून चालली पाहिजेत, हा विचार या प्रयोगात अगदी आरंभापासून होता.

या कणांची माणसांवरील पहिली महत्त्वाची चाचणी पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार न्यूयॉर्कमध्ये १६ पुरुषांची त्यासाठी निवड झाली आणि १५ जणांवर उपचार पूर्ण करता आला. सुमारे दीडशे नॅनोमीटर मापाचे कण शिरेतून देऊन दुसऱ्या दिवशी ग्रंथीत बारीक तंतूंवाटे लेसर प्रकाश नेण्यात आला. उपचार सुरक्षित वाटला व बहुतेकांच्या गाठीचा भाग नाहीसा झाला. संख्या लहान आहे, हे विसरता येत नाही. तरी प्रयोगशाळेतली ही कल्पना माणसापर्यंत पोचली, एवढे त्यावरून म्हणता येईल.

आता औषधाकडे वळावयाचे. नुसते जाळण्याऐवजी तापवण्याबरोबरच औषधही मोकळे करता आले, तर उष्णता कमी लागेल आणि कडेच्या, नीट न तापलेल्या पेशीही औषधाने मरतील. यासाठी औषध वाहकात बंद करून पाठवावे लागते. असा एक वाहक म्हणजे लायपोसोम, म्हणजे मेदद्रव्याची अतिसूक्ष्म पोकळ पिशवी. तिचे मर्म स्वयंपाकघरातील तुपाच्या उदाहरणाने समजते. थंडीच्या दिवसांत तूप थिजते आणि थोडी ऊब लागताच विरघळते. लायपोसोमच्या भिंतीतील मेदद्रव्य असे निवडता येते, की शरीराच्या नेहमीच्या ३७ अंशांना ते थिजलेले राहील आणि ४० अंशांच्या थोडे वर जाताच सैल होईल. भिंत सैल झाली की आतले औषध काही सेकंदांत बाहेर पडते. सुवर्णकणांच्या बाबतीत औषध कणाच्या पृष्ठभागाला बांधता येते, किंवा कण व औषध दोन्ही एकाच पिशवीत ठेवता येतात. मग प्रकाश पडला की सोने तापते आणि पिशवीचे तोंड उघडते.

ही कल्पना अत्यंत आकर्षक आहे. परंतु आकर्षक कल्पनेची परीक्षा रोग्याच्या बिछान्यापाशी होते. सोन्याशिवाय, केवळ उष्णतेने उघडणाऱ्या लायपोसोममध्ये डॉक्सोरुबिसिन भरून यकृताच्या कर्करोगावर एक मोठी चाचणी घेण्यात आली. तीत ७०१ रोगी होते. यकृतातील गाठीत सुई घालून ती विद्युत्‌लहरींनी तापवावयाची आणि त्याच वेळी शिरेतून लायपोसोम द्यावयाचे, अशी रीत होती. जानेवारी २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला, तेव्हा नुसत्या तापवण्यापेक्षा या रीतीने ठरवलेला लाभ झाला नाही, असे दिसून आले. मागाहून आकडे तपासता असे दिसले, की ज्यांची गाठ किमान ४५ मिनिटे तापवली होती त्या रोग्यांना फायदा झाला असावा. ही अटकळ पडताळण्यासाठी तेवढा वेळ तापवणे बंधनकारक करून २०१४ साली दुसरी मोठी चाचणी सुरू झाली. २०२० मध्ये अंतरिम आकडे पाहून तीही यशस्वी होण्याची आशा नाही, असा अभिप्राय देखरेख करणाऱ्या समितीने दिला.

दोन मोठ्या चाचण्यांत शेकडो रोग्यांनी स्वतःला स्वाधीन केले आणि हाती निश्चित उत्तर आले नाही. औषध निकामी होते असे म्हणावे, तर प्राण्यांतील प्रयोग उत्तम होते. तापवणे अपुरे पडले असे म्हणावे, तर तेही सिद्ध झाले नाही. या अनिश्चिततेचे एक कारण असे, की प्रत्येक रोग्याच्या गाठीत, कोणत्या भागात, किती वाजता, किती औषध पिशवीतून बाहेर पडले हे पाहण्याची सोय नेहमीच्या उपचारात नव्हती. सुई घातली, घड्याळ लावले, औषध दिले. पुढे काय झाले ते काही महिन्यांनी गाठ वाढली की नाही यावरून ताडावयाचे. स्वयंपाकीण भाताचे शीत दाबून पाहते, तेवढीही सोय येथे नव्हती.

शीत दाबून पाहण्याचा एक प्रयत्न ऑक्सफर्ड येथे झाला. तेथे दहा रोग्यांच्या यकृतातील गाठी बाहेरून केंद्रित केलेल्या श्राव्यातीत ध्वनीने तापवण्यात आल्या आणि सुईने गाठीचा तुकडा काढून त्यातील औषध मोजण्यात आले. २०१८ च्या वृत्तांतानुसार तापवल्यानंतर गाठीतील औषध सरासरीने ३.७ पट झाले होते. औषध खरोखर सुटते, याचा माणसातील हा मोलाचा पुरावा होय. परंतु सुई एका वेळी एका जागेचीच साक्ष देते. गाठीच्या उरलेल्या भागात काय घडले आणि ते घडत असताना उष्णता वाढवावी की थांबवावी, हे तिच्यावरून समजत नाही. त्यासाठी प्रतिमा हवी.

ही प्रतिमा मिळवण्याच्या ज्या वाटा शोधल्या जात आहेत, त्यांतील पहिली औषधाच्या स्वतःच्याच प्रकाशाची आहे. डॉक्सोरुबिसिनवर निळसर-हिरवा प्रकाश टाकला तर ते नारिंगी-तांबड्या रंगाने चमकते. या गुणाला अनुस्फुरण म्हणतात. परंतु औषधाचा रेणू सोन्याला चिकटून असेल तर त्याने घेतलेली ऊर्जा सोने ओढून घेते आणि रेणू अंधारा राहतो. तो सोन्यापासून दूर गेला की पुन्हा चमकू लागतो. म्हणजे चमक दिसली, की औषध सुटले.

याच्या उलट दिशेने चालणारी खूणही आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात जो परिणाम शोधला, त्यात रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या रंगात रेणूगणिक निराळे सूक्ष्म बदल होतात. सोने किंवा चांदी यांच्या पृष्ठभागाशी असलेल्या रेणूंचा हा परिणाम कितीतरी पटींनी प्रबळ होतो, हे १९७४ नंतर कळून आले. त्यामुळे औषध सोन्याला चिकटलेले असताना रामन-खूण स्पष्ट दिसते आणि ते सुटल्यावर ती मंदावते. एक दिवा विझतो तेव्हा दुसरा लागतो. अमेरिकेत अटलांटा येथे मुस्तफा एल-सईद यांच्या गटाने २०१३ साली या दोन्ही खुणा एकत्र वापरून एकेका जिवंत पेशीत डॉक्सोरुबिसिन सुटताना पाहिले. त्या प्रयोगात औषध उष्णतेने नव्हे, तर पेशीच्या आतील आम्लतेने सुटत होते. पण पाहण्याची रीत दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

या दोन्ही खुणांचा दोष असा, की त्या प्रकाशाच्या आहेत आणि शरीरात प्रकाश फार विखुरतो. दुधाच्या पेल्यामागे दिवा धरला तर उजेड कळतो, वात दिसत नाही. काही मिलिमीटर खोलीनंतर चित्र असेच धूसर होते. एम.आर.आय. यंत्राला ही अडचण नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात लायपोसोममध्ये औषधाबरोबर मँगॅनीजचे संयुग भरून, पिशवी उघडताच एम.आर.आय. चित्रात होणारा बदल प्राण्यांमध्ये टिपण्यात आला; २००४ पासून त्यावर लेखन झाले आहे. ही रीत खोलवर पोचते, पण यंत्र महाग आहे आणि प्रत्येक लहान शहरात ते तासन्‌तास एकाच रोग्यासाठी अडवून ठेवणे शक्य नाही.

तिसरी वाट प्रकाश आणि ध्वनी या दोहोंच्या संगमाची आहे आणि तीच बंगळूरला घेऊन येते. वीज चमकते तेव्हा तिच्या वाटेतील हवा एकदम तापून फुगते आणि त्या धक्क्याचा गडगडाट होतो. चमक व गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजून वीज किती दूर पडली याचा अंदाज शेतकरीही घेतो. शरीरात हेच अगदी लहान प्रमाणावर घडवता येते. लेसरचा काही अब्जांश सेकंदांचा ठिपका टाकला, म्हणजे तो शोषून घेणारा कण किंचित तापतो, फुगतो आणि कानाला न ऐकू येणारा श्राव्यातीत ध्वनी बाहेर टाकतो. तो त्वचेवर ठेवलेल्या ग्राहकाने टिपावयाचा आणि पोचण्यास लागलेल्या वेळावरून कणाची जागा ठरवावयाची. सोनोग्राफीत ध्वनी पाठवून त्याचा प्रतिध्वनी घेतात. येथे प्रकाश पाठवून ध्वनी घेतात. शरीरात ध्वनी प्रकाशापेक्षा पुष्कळच कमी विखुरतो, म्हणून चित्र अधिक खोलवरचे व स्वच्छ मिळते. प्रकाशाने ध्वनी उत्पन्न होतो हे टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० साली, झडपेने तोडतोडून पाडलेल्या सूर्यप्रकाशाने दाखवले होते. त्याचा चिकित्सेतील उपयोग कळण्यास शंभर वर्षे जावी लागली.

बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली स्थापन झाली. जमशेटजी टाटांचा संकल्प आणि म्हैसूर संस्थानने दिलेली जमीन यांतून ती उभी राहिली. १९३३ साली रामन तिचे संचालक म्हणून तेथे गेले. १९३५-३६ मध्ये त्यांनी व नागेंद्र नाथ यांनी द्रवातून श्राव्यातीत ध्वनी जात असता त्यातून जाणारा प्रकाश कसा वाकतो याचा सिद्धांत मांडला. तो रामन-नाथ सिद्धांत म्हणून जगभर ओळखला जातो. प्रकाश आणि ध्वनी यांच्या नात्याचा विचार या शहराला नवा नाही, तो असा.

त्याच संस्थेतील जय प्रकाश व अशोक रायचूर या प्राध्यापकांच्या गटांनी २०२३ साली तांब्याचे सल्फाइड आणि सोने यांचे संकरित कण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. पहिले प्राध्यापक मापनशास्त्र व उपयोजित भौतिकी विभागाचे, दुसरे पदार्थ अभियांत्रिकीचे. तांब्याच्या सल्फाइडचे कण अवरक्त प्रकाश शोषतात व स्वस्तही पडतात, पण त्यांची तापण्याची व ध्वनी देण्याची शक्ती मर्यादित आहे. त्यांच्या पृष्ठभागावर अल्प सोने चढवताच हे दोन्ही गुण सुधारले. कणांचे माप आठ नॅनोमीटरहून कमी ठेवण्यात आले. इतके लहान कण शरीरात साचून न राहता नैसर्गिक मार्गाने बाहेर पडतील, अशी त्यामागील अपेक्षा होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या फुप्फुसाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींवर त्यांची परीक्षा झाली. एकाच कणाने पेशी तापवून मारता येतात आणि तोच कण ध्वनीच्या द्वारे आपला ठावठिकाणा सांगतो, हे त्यातून दिसले.

या प्रयोगाचे मोल जोखताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तेथे पेशी मारल्या त्या उष्णतेने व प्रकाशामुळे उत्पन्न होणाऱ्या प्राणवायूच्या घातक रूपांनी. औषध बंद करून ते सुटताना पाहणे हा त्या प्रयोगाचा भाग नव्हता. परंतु औषध सुटताना पाहण्यासाठी जी पायाची वीट लागते, ती येथे भाजली गेली आहे. तापणारा आणि बोलणारा कण एकच असला, म्हणजे पुढील दोन गोष्टी शक्य होतात. एक म्हणजे तापमान मोजणे. पाणी जितके ऊन तितके ते उष्णतेने अधिक फुगते, म्हणून तेवढ्याच प्रकाशाला ऊन ऊतक अधिक मोठा ध्वनी देते. ध्वनीच्या चढउतारावरून ४१ अंश गाठले की नाही हे उपचार चालू असतानाच समजू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे रंग ओळखणे. सुवर्णकणांभोवतीचे आवरण निघाले, किंवा ते एकमेकांजवळ आले वा दूर झाले, तर ते कोणता प्रकाश शोषतात हे बदलते. निरनिराळ्या तरंगलांबींचा प्रकाश टाकून ध्वनी तपासला तर पिशवी मिटलेली आहे की उघडली, याचे अनुमान करता येते.

दुसरे भारतीय उदाहरण मुंबईचे आहे आणि ते एका निराळ्या प्रश्नाला हात घालते: उपचार झाल्यावर सोन्याचे काय होते? पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील रोहित श्रीवास्तव आणि टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधन केंद्रातील अभिजित डे यांच्या गटांनी २०१५ साली लायपोसोमवर सोने चढवलेल्या कणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ७५० नॅनोमीटरच्या लेसर प्रकाशाने उंदरांतील गाठी पूर्णपणे नाहीशा झाल्या. तितकेच महत्त्वाचे असे, की हे कण यकृताच्या पेशींत फुटून त्यांचे लहान तुकडे झाले आणि ते पित्तावाटे व मूत्रपिंडावाटे बाहेर गेले. घन सोन्याचा मोठा कण यकृतात महिनोन्‌महिने राहू शकतो. जो वाहक आपले काम संपवून स्वतः मोडून जातो, तो रोग्याच्या दृष्टीने अधिक विश्वासार्ह ठरतो.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे इष्ट आहे. सोने औषधात वापरण्याची परंपरा आपल्याकडे जुनी असल्याने, या प्रयोगांचा आधार घेऊन सुवर्णभस्म कर्करोगावर चालते असे कोणी म्हटल्यास ते ग्राह्य धरू नये. या कणांचा उपयोग त्यांच्या ठरावीक आकारात, त्यांवर पडणाऱ्या ठरावीक प्रकाशात आणि त्यांनी वाहून नेलेल्या औषधात आहे. पोटात घेतलेल्या सोन्याशी त्याचा संबंध नाही.

उरलेल्या अडचणी लहान नाहीत. २०१६ साली दहा वर्षांतील प्रसिद्ध प्रयोगांचा आढावा घेण्यात आला, तेव्हा शिरेतून दिलेल्या अतिसूक्ष्म कणांपैकी मध्यमानाने केवळ ०.७ टक्के कण गाठीत पोचतात, असे आढळले. बाकीचे बव्हंशी यकृत व प्लीहा यांत अडकतात. अवरक्त प्रकाशही दोन-तीन सेंटिमीटरपलीकडे क्षीण होतो. त्यामुळे खोल गाठीसाठी प्रकाश तंतूवाटे आत न्यावा लागतो. उंदराची गाठ आणि माणसाची गाठ यांत मापाचा व स्वभावाचा फरक आहे. स्तन, त्वचा, तोंड, गर्भाशयमुख अशा पृष्ठभागाजवळच्या अवयवांत या रीतीचा उपयोग आधी होईल, असे मानण्यास जागा आहे. तोंडाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्या देशात विपुल असल्याने ही गोष्ट आपल्याला उदासीन राहण्यासारखी नाही.

तथापि या अडचणींची यादी पाहिली, म्हणजे प्रतिमेचे महत्त्व कमी न होता वाढते. शंभर कणांतील एकही पुरता गाठीत पोचत नसेल, तर तो पोचला की नाही हे पाहिल्यावाचून लेसर लावणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय. एका रोग्याच्या गाठीत कण पोचले आहेत, दुसऱ्याच्या नाहीत, हे आधी कळले तर दुसऱ्याला व्यर्थ वेदना देऊन दुसऱ्या उपचाराचा वेळ घालवण्याचे कारण उरत नाही. औषध एका कडेला सुटले नाही असे दिसले, तर तेथे आणखी पाच मिनिटे उष्णता देता येईल. ते सर्वत्र सुटले असे दिसले, तर उष्णता थांबवून निरोगी भाग वाचवता येईल. ७०१ रोग्यांच्या चाचणीत जे उत्तर काही महिन्यांनी आणि तेही संदिग्ध मिळाले, ते प्रत्येक रोग्याबाबत त्या दिवशीच मिळेल. चाचणी अयशस्वी झाली तरी ती का अयशस्वी झाली हे समजेल, आणि पुढील रोग्यांना त्याच मार्गाने पुन्हा जावे लागणार नाही.

ज्यांनी अशा चाचण्यांना संमती दिली, त्यांचे ऋण फेडण्याचा हा एकच प्रामाणिक मार्ग आहे. रोगी औषधाच्या बाटलीतला तांबडा रंग पाहतो, नळीतून तो थेंबथेंब खाली उतरताना पाहतो, आणि विचारतो, हे नेमके जाते कुठे? आजवर डॉक्टरांना या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यावे लागत आले आहे. पडद्याकडे बोट दाखवून, येथे गेले, आणि येथे सुटले, असे ज्या दिवशी त्यांना सांगता येईल, त्या दिवशी औषध देणे आणि औषध पोचणे यांतील अंतर पुष्कळसे मिटलेले असेल.